प्रसूती रजेनंतरचा पहिला खरीप

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्यात मी कृषी सहायक म्हणून काम करते. माझ्या सजेतील, म्हणजे मला नेमून दिलेल्या गावांपैकी, काही गावे मांजरा नदीच्या काठाला आहेत, काही माळावर. सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. २०२५ च्या जानेवारीअखेर मला मुलगी झाली आणि जुलैच्या सुरुवातीला मी पुन्हा कामावर रुजू झाले. त्यानंतरचे महिने कसे गेले, मानसोपचार विभागाच्या दारात जाण्याची वेळ का आली आणि नोकरी व घर यांची घडी पुन्हा बसवताना नेमके काय करावे लागले, ते क्रमाने लिहून ठेवावे असे वाटते. बाळंतपणापर्यंतची माहिती आपल्याकडे प्रत्येक बाई दुसरीला देते. डिंकाचे लाडू किती खावेत आणि शेक किती दिवस घ्यावा, यावर पलीकडच्या गल्लीतूनही सल्ले येतात. रजा संपल्यावर काय होते, याविषयी मात्र नोकरी करणाऱ्या बायकाही एकमेकींजवळ फारसे बोलत नाहीत.

राज्य शासनाच्या सेवेतील महिलेला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. खासगी आस्थापनांना तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातही २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ ऐवजी २६ आठवड्यांची रजा आली, म्हणजे हिशेब जवळपास सारखाच झाला. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि रजाही सहा महिन्यांची. कागदावर हे छान जुळते. प्रत्यक्षात शेवटच्या महिन्यात रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी फिरती बंद करायला लावली आणि रजेतले तीन आठवडे बाळंतपणाच्या आधीच खर्ची पडले. मी रुजू अहवाल दिला तेव्हा मुलीला सहा महिने पूर्ण व्हायचे होते, ती अंगावरच पीत होती, आणि शिवारात पेरण्या उरकून सोयाबीन कोळपणीला आले होते.

कृषी सहायकाला बसायला खुर्ची असते, पण बसणे क्वचित होते. शेतकऱ्यांना रानातच शिकवण्याच्या शेतीशाळा, प्रात्यक्षिकांचे प्लॉट, फळबाग लागवडीच्या स्थळपाहण्या, अनुदानाच्या अर्जांची छाननी, आणि या सगळ्याच्या वर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर मागितली जाणारी ‘तातडीची’ माहिती, जी एकदा निरंक म्हणून कळवली तरी संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या तक्त्यात कळवावी लागते. ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय असावी आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी मिळावी, असे वरचा कायदा म्हणत होता. तो माझ्या खात्याला जसाच्या तसा लागू केला, तरी आज या गावात आणि उद्या त्या गावात हिंडणाऱ्या बाईने पाळणाघर कुठे शोधावे, हा प्रश्न उरतोच. मुलगी तालुक्याच्या गावी सासूबाईंजवळ असे आणि मी स्कूटीवर पंचवीस-तीस किलोमीटर दूर.

काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस चालते, हे मी रजेतच वाचून ठेवले होते. आमच्याकडे पाऊस उघडला की दुपारी घरातला पारा पंचवीसच्या वर असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे पहाटे उठून दूध काढायचे, झाकणाच्या स्टीलच्या वाट्यांत भरायचे, वेळेची चिठ्ठी लावायची आणि फ्रीजच्या अगदी आतल्या बाजूला ठेवायचे. दाराच्या कप्प्यात नाही, कारण दार उघडले की तिथला गारवा जातो. हे सासूबाईंना समजावून सांगायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्यांनी त्या वाट्यांना घरात कुणालाच हात लावू दिला नाही.

माझी अडचण दुपारची होती. बारा-एक वाजेपर्यंत छाती भरून ठणकू लागे आणि मग जवळच्या गावातल्या अंगणवाडीत जाऊन, दार लोटून, पोषण आहाराच्या पोत्यांच्या आडोशाला बसून दूध काढावे लागे. ते घरापर्यंत टिकणार नाही म्हणून बहुतेक वेळा मोरीत ओतून द्यावे लागे, आणि ते ओतताना जिवाची जी तगमग होते ती सांगून कळणार नाही. अंगणवाडी सेविका भल्या बाई होत्या. त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि सरपंच किंवा कुणी शेतकरी माझी चौकशी करत आला तर म्हणत, “मॅडम रजिस्टर बघायल्यात.”

त्यांचा हेतू माझी लाज राखण्याचा होता आणि मला तेव्हा त्याचा आधारच वाटला. पुढे समुपदेशनाला जाऊ लागले तेव्हा ध्यानात आले, की त्या दिवसांत माझी निम्मी शक्ती अशाच उत्तरांवर खर्च होत होती. कामे दोन्हीकडे पुष्कळ होती, पण निव्वळ कामाने मी खचले नसते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला कामाचे भय नसते. मी थकले ते या लपवालपवीने. कार्यालयात जायचे ते घरी तान्हे मूल नसल्यासारखे, आणि घरी यायचे ते बाहेर नोकरी नसल्यासारखे. मुलगी रात्रभर किरकिर करत होती म्हणून उशीर झाला, तर मी पंक्चरचे कारण सांगे. लसीकरणाला जायचे असले तर ‘लातूरला काम आहे’ म्हणे. उलट घरी आल्यावर ग्रुपवरची माहिती भरायची ती मुलीला पाजता पाजता, ओढणीखाली मोबाइल धरून, आवाज बंद करून, कारण पडद्याचा उजेड दिसला की सासूबाई हळूच म्हणत, “लेकरू दिवसभर झुरतंय, आता तरी ते खाली ठेव.” एखाद्या दिवशी रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलेला प्लॉट चांगला उतरला, शेतकऱ्याने कौतुक केले, तरी ते घरी बोलायचे नाही. आपल्या लेकीपेक्षा हिला लोकांची रानेच गोड लागतात, असे कुणाला वाटू नये, ही धास्ती. खरे तर तसे कुणी म्हटलेही नव्हते.

मग सप्टेंबर आला. २०२५ च्या त्या अतिवृष्टीने मराठवाड्याचे काय केले ते सांगायची गरज नाही. मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून शिवारात आल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, काठावरच्या कित्येक रानांतली मातीच खरवडून गेली. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तरच शेतकरी मदतीला पात्र ठरतो, त्यामुळे आम्ही कागदावर लिहिलेल्या आकड्यावर एका घराची दिवाळी ठरते. अशा वेळी रजा मागणे तर सोडाच, दुपारी अंगणवाडी गाठणेही शक्य नसते. अर्ध्या रस्त्यांवर पाणी, स्कूटी गावाबाहेर लावायची आणि गुडघाभर चिखलातून बांधाबांधाने चालत जायचे.

त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. काठावरच्या एका रानात सत्तरीचे एक शेतकरी सोयाबीनचे झाड उपटून माझ्यासमोर शेंगा फोडून दाखवत होते. आतल्या दाण्यांना शेंगेतच मोड आले होते, पांढरे, बोटभर. मी मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो घेत होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मी तो कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. म्हातारबाबा म्हणाले, “घरचा दिसतोय मॅडम, घ्या की. आम्ही थांबतो.” मी म्हणाले, “घरचा नाही बाबा, कंपनीचा आहे.” मुलीला ताप भरला होता आणि पॅरासिटामॉलचे थेंब किती द्यायचे एवढेच त्यांना विचारायचे होते. ज्या माणसाचे अख्खे वर्ष पाण्यात गेले होते तो माणूस थांबायला तयार होता, आणि मी माझ्या लेकीचा फोन कंपनीचा म्हणून सांगत होते.

पंचनामे संपले तसे अंगातले बळ गेले. मुलगी झोपली तरी मला झोप येत नसे. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज झाला की छातीत धडधडे. न्हाणीघरात पाण्याची बादली सोडून रडणे हा रोजचा भाग झाला. आईने फोनवरून दृष्ट काढायला सांगितली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि ठसका आला नाही म्हणजे दृष्ट कडक होती असा निर्वाळा दिला. मला त्याचा राग आला नाही. काहीतरी बिघडले आहे हे निदान कुणाच्या तरी दृष्टीस पडले होते. पण एका पहाटे दूध काढताना, उद्या आपल्याला जागच आली नाही तर बरे, असा विचार मनात आला आणि तो विचार आल्याचे फारसे आश्चर्यही वाटले नाही, तेव्हा मी घाबरले.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी आरोग्य खात्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे. आशाताई घरोघर जाऊन मनाने खचलेली माणसे हेरतात आणि त्यांना समुपदेशनाकडे पाठवतात. शेतीशाळेच्या शेवटी मीच त्याची माहिती देत आले आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तोही माझ्या सूचनांच्या कागदावर छापलेला असतो. “मनाचं दुखणं अंगावर काढू नका” हे वाक्य मी कितीतरी गावांत म्हटले आहे. तरी तो क्रमांक स्वतःसाठी लावताना बोट अडखळत होते. फोनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, जीव देण्याचा विचार येतो का हे सरळ विचारले आणि आठवड्याच्या आत लातूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात जायला सांगितले. मी घरी सांगितले. नवऱ्याने काही न विचारता शाळेत रजा टाकली आणि आम्ही एसटीने गेलो. वाटेत कंडक्टरने माझे अर्धे आणि त्यांचे पूर्ण तिकीट फाडले, तेव्हा हे म्हणाले, “घरात तेवढं उलटं आहे.” त्या दिवसातले मला आलेले पहिले हसू तेच.

तिथे एक प्रश्नावली भरायला दिली. एडिंबरा प्रसवोत्तर नैराश्य मापनश्रेणी असे तिचे नाव. १९८७ पासून जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत कसे वाटले, याविषयी दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे कमाल ३०. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो आणि त्याचे उत्तर शून्य नसेल तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, डॉक्टर त्याकडे वेगळे पाहतात. माझे गुण १६ आले. हे निदान नसते, पुढे तपासायला हवे एवढेच त्यावरून कळते, असे डॉक्टरांनी समजावले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतले रडू पुष्कळ जणींना येते आणि ते आपोआप सरते. माझे प्रकरण त्याच्या फार पुढे गेले होते. त्यांनी रक्तही तपासायला लावले, कारण रक्तक्षय आणि थायरॉइडचा बिघाड ही दोन्ही दुखणी बाळंतिणीत नैराश्यासारखीच दिसू शकतात. थायरॉइड ठीक निघाले. हिमोग्लोबिन ८.९ होते, बाईला ते किमान १२ असावे लागते. “यातलं सगळंच मनाचं नाही, थोडं रक्ताचंही आहे,” असे डॉक्टर म्हणाले. दुखण्याचा काही भाग लोहाच्या गोळ्यांनी भरून येणारा आहे, हे ऐकून मला केवढा धीर आला.

नैराश्यासाठी सर्ट्रालीन हे औषध सुरू केले. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते आणि त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. सासूबाईंना वाटले होते की औषध सुरू झाले म्हणजे मुलीला तोडावे लागणार. तसे काही झाले नाही. औषधाविषयी एवढेच.

समुपदेशनाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. तिथल्या बाई माझ्याहून वयाने लहान, अविवाहित. हिला काय कळणार, असे पहिल्या भेटीत मला वाटले होते. त्यांनी आम्हा दोघांना आठवडाभर, कोणता तास कशात गेला, याची वेगवेगळी नोंद ठेवायला सांगितली. पुढच्या भेटीला त्यांनी देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे सांगितले: घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. आमचे हे गणिताचे शिक्षक. त्यांनी आमच्या दोन्ही वह्यांची बेरीज तिथेच केली, आणि आपले घर देशाहून फारसे निराळे नाही हे त्यांचे त्यांनाच दिसले. दोघांच्याही वहीत ‘मुलीला खेळवणे’ अशी नोंद होती. माझ्या नोंदीत त्या वेळात भाजी निवडलेली होती. त्यांच्या नोंदीत क्रिकेटचा सामना होता. बाईंनी त्यावर काही टिप्पणी केली नाही. गरजही नव्हती.

मला वाटले होते की आता कामांची वाटणी करून देतील आणि संपले. पण त्यांनी दुसरेच विचारले: “या कामांपैकी कोणती तुम्ही दुसऱ्यांपासून लपवून करता?” मी बोलत गेले आणि यादी वाढत गेली. तेव्हा त्यांनी जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या अमेरिकी अभ्यासकांची १९८५ मधली मांडणी समजावून सांगितली. नोकरी आणि कुटुंब यांच्यात तीन तऱ्हेची ओढाताण होते. एक वेळेची, कारण एका वेळी माणूस एकाच ठिकाणी असू शकते. दुसरी ताणाची, म्हणजे एकीकडचा शीण दुसरीकडे येतो. तिसरी वागण्याची, म्हणजे एकीकडे जसे वागणे चांगले समजले जाते तसे दुसरीकडे वागले तर चालत नाही. पहिल्या दोन मला ठाऊक होत्या. तिसरीचे वर्णन ऐकताना मला अंगणवाडीतले रजिस्टर आठवले. वेळ मोजता येते, वाटता येते. पण दोन्ही ठिकाणी अर्धे आयुष्य झाकून वावरण्याचा शीण कुठल्या वहीत भरणार? त्याच ग्रीनहाउस यांनी पुढे २००६ मध्ये गॅरी पॉवेल यांच्याबरोबर याची उलट बाजूही मांडली आहे, की एका भूमिकेत कमावलेले दुसरीत उपयोगी पडते. ते पुढे अनुभवाला आले, पण तेव्हा ऐकताना पुस्तकी वाटले होते.

घरातली वाटणी कशी केली, तर कामे नव्हे, जबाबदाऱ्या वाटल्या. ‘तुम्ही सांगा, मी करतो’ हे वाक्य नवरे फार मोठ्या मनाने म्हणतात, पण सांगायचे लक्षात ठेवणे हेच निम्मे काम असते. म्हणून मुलीचे लसीकरण संपूर्ण त्यांच्याकडे गेले: कार्ड त्यांच्या कपाटात, तारीख त्यांच्या डोक्यात, नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीनंतर येणारा ताप आणि रात्रीचे जागरणही त्यांचे. नळाचेही तसेच. आमच्याकडे नळ कधी येईल ते नळालाच माहीत. आला की हांडे, टाकी, ड्रम भरेपर्यंत कुणीतरी घरी असावेच लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे आजवर मी होते. आता गल्लीत पाणी सुटल्याचा फोन त्यांना जातो. पहिल्यांदा टाकी अर्धीच भरली आणि दोन दिवस ओढाताण झाली, तेव्हा मी गप्प बसले. ते सोपे नव्हते.

सासूबाईंचे मला वेगळेच भय होते. आपण चार लेकरे वाढवली, रानातही राबलो, असे त्या नेहमी सांगत आणि मला ते टोमण्यासारखे लागे. एका रात्री मुलीला पाय पसरून मांडीवर थोपटताना त्यांना मी सगळे सांगितले, गोळ्यांचेही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “खुरपायला जायचे तव्हा दुपारी पाजायला घरी येऊन जायचे मी. मुकादम अर्धी मजुरी कापायचा. कापू दे म्हणायचे, पण तुझ्या सासऱ्याला कधी सांगितलं नाही. पैसे हरवले म्हणायचे.” मी म्हणाले, “मामी, मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?” त्या म्हणाल्या, “तू तरी कुठं सांगितलंस?”

इथे एक बाजूची गोष्ट नोंदवते. माझ्या सजेतल्या शेतमजूर बायका बाभळीला झोळी बांधून लेकरू निजवतात आणि पिकाच्या ओळीत जाऊन खुरपू लागतात. ते रडले तर उठून येतात. त्यांना लेकरू लपवावे लागत नाही, म्हणून त्यांचे बरे चालले आहे असा अर्थ कुणी काढू नये. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळाले तर मिळाले, बाकी रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. माझ्या पगारी रजेची त्यांच्या झोळीशी तुलना करण्यात अर्थ नाही. तरीही ‘तुम्ही नोकरदार बायका सुखी’ असे त्या म्हणतात तेव्हा मी आता निमूटपणे मान डोलावत नाही. काय-काय झाले ते सांगते, आणि मग त्याही सांगतात.

हे असे बोलणे सुरू झाले त्याला कारण एक शेतीशाळा झाली. रब्बी हरभऱ्याची महिला शेतीशाळा ठरलेली, सासूबाई लग्नाला गेलेल्या, यांच्या शाळेत तपासणी. पूर्वी मी शेतीशाळा पुढे ढकलली असती आणि काहीतरी कारण कळवले असते. त्या दिवशी मुलीला घेऊन गेले. घाटेअळीचे नर पतंग वासाने ओढून धरणारे कामगंध सापळे कसे लावायचे ते मी दाखवत होते आणि मुलगी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होती. एरवी ज्या बायका नवऱ्याच्या सातबाऱ्यापुरत्या बोलत त्या अंगावरच्या दुधापासून अंगावरून पांढरे जाण्यापर्यंत बोलल्या, आणि कीटकनाशक फवारताना पोटुशी बाईने रानात थांबावे का, हा प्रश्न मला नोकरीत पहिल्यांदाच त्या दिवशी विचारला गेला. थांबू नये, हे मी सांगितले. ते आजवर कुणी विचारले नव्हते, मीही आपण होऊन सांगितले नव्हते.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर टाकला. चांगला फोटो होता: सापळा, बायका, मी, आणि कोपऱ्यात एका आजीच्या कडेवर माझी मुलगी. पाच मिनिटांत वरिष्ठांचा निरोप आला, “हा नको, दुसरा टाका. लहान मूल दिसत आहे.” मी दुसरा टाकला. पण दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन भेटले आणि उभ्यानेच सगळे सांगितले: मुलगी घेऊन गेल्याचे, उपचार सुरू असल्याचे, दुपारी पाऊण तास मला लागतो आणि तो मी यापुढे सांगून घेणार असल्याचे. त्यांना अवघडल्यासारखे झाले हे दिसत होते. ते वाईट गृहस्थ नाहीत. ‘वर’ काय दिसेल याची त्यांनाही भीती असते. दुपारची वेळ त्यांनी तोंडी मान्य केली, लेखी दिली नाही. फोटोविषयी ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळच्या माहितीचे तक्ते मात्र शेजारच्या सजेतल्या सहकाऱ्याबरोबर आलटून पालटून भरायला त्यांनीच सुचवले, आणि ते माझ्या मागणीपेक्षा जास्त कामाचे ठरले.

बालसंगोपन रजेचे थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ जणींना ती आहे हेच माहीत नसते. राज्य शासनाच्या २३ जुलै २०१८ च्या निर्णयाने महिला कर्मचाऱ्याला मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, ज्येष्ठ दोन अपत्यांसाठी, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची ही रजा मिळते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ती ७३० दिवस असते. टपाल खात्यातली माझी मैत्रीण हे सांगते तेव्हा मला हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही. आस्थापनेच्या टेबलावर पहिला प्रश्न आला, “लेकरू आजारी आहे का? सर्टिफिकेट जोडा.” मी शासन निर्णयाची प्रत जोडली. पीक कापणी प्रयोगांचे काम संपेपर्यंत अर्ज पडून राहिला आणि मागितली त्यापेक्षा कमी दिवस मंजूर झाली. खरीप हातातून गेलेला असताना पीक विम्याची भरपाई त्या प्रयोगांत निघणाऱ्या उत्पन्नावरच ठरते, त्यामुळे उशिराचे मला फार वाईट वाटले नाही. मिळाली ती रजा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, जोडून घेतली. येळवशीची भज्जी आणि आंबील म्हणजे आमच्याकडे बायकांची रात्रभराची जागरणे. या वेळी शेंगा सोलायला आणि चुलीपुढे बसायला घरातले पुरुषही होते, आणि उंडे कुणाचे वाकडे झाले यावर दिवसभर थट्टा चालली.

औषधाची मात्रा आता डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत. दुसऱ्यांदा भरलेल्या प्रश्नावलीत गुण ७ आले. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले आहे. मुलगी पाऊल टाकू लागली आहे. घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासायला मी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले, तर तिने ते उलगडून त्यातले मूठभर आंगणात पेरले. चाचणी पुन्हा लावावी लागली. ७० च्या वर दाणे उगवले तर बियाणे पेरायला योग्य, एवढे आता सासूबाईही शेजारणींना सांगतात.

शेजारच्या सजेतली सहकारी येत्या पावसाळ्यात रजेवर जाते आहे. तिच्या माघारी तिची गावे माझ्याकडे येतील आणि ती परतल्यावर दुपारची वेळ तिलाही लागेल, म्हणून तालुका कार्यालयातली जुन्या खतांच्या नमुन्यांची खोली रिकामी करून कडी, पंखा आणि लहान फ्रीज बसवावा, असा अर्ज आम्ही सगळ्या महिला कर्मचाऱ्यांच्या सह्यांनी दिला आहे. अर्जात कारण स्पष्ट लिहिले आहे: तान्ह्या मुलांच्या आयांना दूध काढून ठेवण्यासाठी. त्यावर महिला कर्मचाऱ्यांची संख्या कळवावी असा शेरा पडला होता. ती आम्ही त्याच दिवशी कळवली. फाइल सध्या लेखा शाखेत आहे.